पर्यटन व कार्यक्रम-आयोजन : शालेय व्यवसायशिक्षण

सहलींची आखणी, पर्यटनस्थळांचे विपणन आणि सभा-समारंभांचे आयोजन यांचे नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे प्रशिक्षण. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत पर्यटन हा कौशल्यविषय आहे. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर पर्यटन व आतिथ्य व्यवस्थापन हा व्यवसाय अभ्यासक्रम चालतो.

या शिक्षणाचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. एक मत तो १८८२ च्या हंटर आयोगापर्यंत नेते. विद्यापीठप्रवेशाच्या अभ्यासक्रमाशेजारी व्यापारी व व्यावहारिक विषयांचा दुसरा प्रवाह असावा, अशी त्या आयोगाची शिफारस होती. ती फारशी रुजली नाही. दुसरे मत १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेकडे बोट दाखवते. मात्र वर्धा योजनेचा गाभा सूतकताईसारख्या उत्पादक हस्तोद्योगांचा आणि मुख्यतः प्राथमिक वयोगटासाठीचा होता. सेवाव्यवसायांना तिच्यात जागा सापडत नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारलेला १०+२ आकृतिबंध आणि साधारण १९७६ पासून सुरू झालेले +२ स्तराचे व्यवसायीकरण हा उगम अधिक ग्राह्य वाटतो. १९८८ च्या केंद्रपुरस्कृत योजनेच्या सुमारास महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) आले. २७ डिसेंबर २०१३ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा लागू झाल्यावर अशा विषयांची त्याच्याशी सांगड घातली गेली.

कार्यक्रम-आयोजनाला स्वतंत्र ओळख उशिरा मिळाली. अमेरिकेतील शालेय व्यवसायगटांच्या ऑक्टोबर २०२४ मधील फेररचनेत आतिथ्य व पर्यटन यांच्या जोडीला त्याचे नाव प्रथमच गटाच्या शीर्षकात आले. विपणन व विक्री हा गट तेथेही वेगळाच आहे. महाराष्ट्रात विपणन व किरकोळ विक्रीचा अभ्यासक्रम असाच निराळा. सहल आखणाऱ्याला तिची किंमतही ठरवता आली पाहिजे, म्हणून ही विभागणी गैरसोयीची आहे.

सीबीएसईत नववी-दहावीला लेखी ५० व प्रात्यक्षिक ५०, तर अकरावी-बारावीला अनुक्रमे ६० व ४० गुण असतात. लेखीपैकी १० गुण रोजगारक्षमता कौशल्यांचे.

प्रात्यक्षिकात खर्चपत्रक सर्वांत अवघड जाते. उदाहरणार्थ, ४० आसनांच्या बसचे भाडे १४,००० व मार्गदर्शकाचे मानधन २,००० रुपये, म्हणजे स्थिर खर्च १६,०००. जेवण-नाश्ता माणशी २५०. पूर्ण बस धरून दर ६५० निघतो. प्रत्यक्षात ३० जण आले तर जमा १९,५०० आणि खर्च २३,५००, म्हणजे ४,००० तोटा. स्थिर खर्च भरलेल्या बसवर वाटणे ही नेहमीची चूक. तो सुमारे तीन-चतुर्थांश आसनांवर वाटावा. येथे दर ७८४ होतो, नफा त्यावर. पत्रकात ‘समाविष्ट’ आणि ‘समाविष्ट नाही’ हे दोन रकाने नसले की तिकिटावरून वाद ठरलेला.

वेळापत्रकासाठी अजिंठा-वेरूळ हा उत्तम धडा आहे. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद. त्यामुळे सोमवारी वेरूळ व मंगळवारी अजिंठा चालते, उलट क्रम लावल्यास दोन्ही दिवस वाया. शिवाय अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात. पुढचे सुमारे ४ किमी वेगळ्या बसने, वेगळ्या तिकिटावर. पोहोचण्याची वेळ टी-पॉइंटची लिहिली की पुढचा सगळा दिवस घसरतो.

समारंभाची आखणी कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजत करतात : आधी परवानग्या व सभागृह, मग ध्वनी-प्रकाश, शेवटी केटररला पक्की संख्या. मिनिटवार तक्त्यात वेळ, कृती, साहित्य आणि जबाबदार व्यक्ती हे रकाने हवेत. एका कृतीला दोन नावे लिहिली की ती कोणीच करत नाही. सादरीकरणांमधला रंगमंच-बदल हमखास विसरला जातो. १२ सादरीकरणे असतील तर प्रत्येक बदलाला ३ मिनिटे धरून ३३ मिनिटे जातात, आणि सायंकाळच्या कार्यक्रमात हीच मिनिटे नडतात. कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई असते. शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतो, म्हणून मैदानावरील स्नेहसंमेलनापूर्वी ही चौकशी करावी लागते.