नाट्यगृहांची सुगम्यता

अपंग व वृद्ध प्रेक्षकांना, तसेच दृष्टी किंवा श्रवणशक्ती कमी असलेल्यांना नाट्यगृहात इतरांच्या बरोबरीने नाटकाचा आस्वाद घेता यावा, यासाठी वास्तूत आणि प्रयोगात केलेली व्यवस्था. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक इमारती सुगम्य असणे अपेक्षित आहे.

जुन्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणात पहिली अडचण उंचीची असते. व्हीलचेअरच्या रॅम्पला साधारणतः १:१२ हे प्रमाण धरतात. म्हणजे अर्धा मीटर चढायला सहा मीटर लांबी लागते, आणि तेवढी जागा जुन्या प्रवेशद्वारापुढे क्वचितच मिळते. व्हीलचेअरची जागा एका कडेला न ठेवता सोबत्याच्या आसनाशेजारी असणे महत्त्वाचे. रंगमंच आणि रंगपटाकडे जाणारी वाट मात्र बहुधा विसरली जाते, जणू अपंग व्यक्ती फक्त प्रेक्षकच असते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहाच्या जमिनीत तारेचे वेटोळे बसवतात. माइकवरचा आवाज त्यातून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पसरतो आणि श्रवणयंत्रातील टी-कॉइल ही तारेची छोटी गुंडाळी तो थेट पकडते. त्यामुळे सभागृहातील कुजबुज व खोकले बरेचसे वगळले जातात. जमिनीतील लोखंडाने हे क्षेत्र क्षीण होते, म्हणून फरशी उखडलेली असतानाच त्याची चाचणी घेणे शहाणपणाचे. अंध प्रेक्षकांना संवादांमधल्या विरामांत हेडफोनवरून हालचाली व नेपथ्याचे वर्णन ऐकवले जाते. काही ठिकाणी प्रयोगापूर्वी नेपथ्य व वेशभूषा हाताळूनही पाहता येतात.

लंडनचे नॅशनल थिएटर हे याचे ठळक उदाहरण. डेनिस लॅसडन यांनी रचलेली ही १९७६ची काँक्रीटची वास्तू संरक्षित वारसा आहे. तिच्या मोठ्या नूतनीकरणानंतर, २०१८ मध्ये, तेथे संवाद दाखवणारे चष्मे सुरू झाले. त्यांत संहिता आधीच भरलेली असते. संगणकप्रणाली नटांचे बोलणे, प्रकाश व ध्वनीचे संकेत यांचा मागोवा घेत योग्य ओळ योग्य क्षणी भिंगावर आणते, आणि अक्षरांचा आकार, रंग व जागा प्रेक्षक स्वतः ठरवतो. परिणामी ठरावीक उपशीर्षक-प्रयोगाची वाट पाहावी लागत नाही.

ही पद्धत लिखित संहितेवर उभी आहे. मराठी रंगभूमीवर नट ॲडिशन घेतात, म्हणजे संहितेबाहेरची वाक्ये ऐनवेळी घालतात, आणि हशा-टाळ्यांनुसार वाक्ये पुढेमागे होतात; अशा प्रयोगांत जागेवर टंकन करणारा लेखनिक किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी अधिक उपयोगी पडेल.