अपराजित, तरीही अनिमंत्रित: सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा हंगाम

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९५१च्या हंगामात नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. तरीही १९५२च्या जानेवारीतील एकाही बाऊल सामन्याचे, म्हणजे हंगामानंतर निवडक संघांना बोलावून खेळवल्या जाणाऱ्या सामन्याचे, निमंत्रण त्याला मिळाले नाही आणि त्याच हिवाळ्यात विद्यापीठाने फुटबॉलच बंद करून टाकला. कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना मागे ठेवण्यास नकार देणारा संघ म्हणून आज त्याची आठवण काढली जाते. ही आठवण खरी आहे. पण त्या नकाराला एवढे मोल का द्यावे लागले, हे समजण्यासाठी त्या वेळच्या बाऊल व्यवस्थेकडे आणि विद्यापीठाच्या हिशेबवह्यांकडे पाहावे लागते.

महाविद्यालयीन फुटबॉलमधील वर्णभेदाचा इतिहास याहून बराच जुना आहे. उत्तरेकडील संघ दक्षिणेत खेळायला जाताना आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला घरी ठेवत आणि हा शिष्टाचार मानला जाई. बोस्टन कॉलेजचा संघ १९४० साली डॅलसमधील कॉटन बाऊलमध्ये आणि १९४१ साली न्यू ऑर्लिन्समधील शुगर बाऊलमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या कृष्णवर्णीय खेळाडूला दोन्ही वेळा खेळू दिले गेले नाही. महायुद्धानंतर मात्र ही रीत डळमळू लागली. पेन स्टेटच्या संघाने १९४६ साली मायामीतील सामना याच कारणावरून रद्द केला आणि १९४८च्या कॉटन बाऊलमध्ये तो आपल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह उतरला. तो सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. म्हणजे १९५१ साली दक्षिणेतील आयोजकांपुढे हा प्रश्न नवा नव्हता आणि त्याचे दुसरे उत्तर देता येते, हेही दिसून चुकले होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातील दोन कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड कापले आणि २१ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे) केले. धावण्यात तो देशात पहिला होता. न्यू यॉर्कमध्ये फोर्डमविरुद्धचा सामना ३२-२६ असा अटीतटीने जिंकला, त्यात त्याने खेळ सुरू करताना प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू (किकऑफ) दोनदा झेलून थेट टचडाऊनपर्यंत नेले. टोलर बचावफळीत खेळे आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मते संघातील सर्वोत्तम खेळाडू तोच होता. या एकाच संघातील तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचले. एवढा मातब्बर संघ फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला आला आहे.

वादाचा खरा मुद्दा आहे तो निमंत्रणाचा. रोझ बाऊलचे दार या संघाला आधीच बंद होते, कारण १९४७पासून तो सामना दोन मोठ्या परिषदांच्या (आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांच्या) संघांमध्येच खेळवण्याचा करार झाला होता आणि सॅन फ्रान्सिस्को कोणत्याही परिषदेत नव्हते. उरले ते मुख्यतः दक्षिणेतील बाऊल. १७ नोव्हेंबरला स्टॉकटनमध्ये कॉलेज ऑफ द पॅसिफिकच्या संघाला ४७-१४ असे धूळ चारल्यावर ऑरेंज बाऊलचे बोलावणे येणार, अशी खेळाडूंची खात्री होती. त्यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे निरोप असा आला की, मॅटसन आणि टोलर यांना न आणल्यास विचार होऊ शकेल. संघाने तो जागच्या जागी धुडकावला. मतदान घेण्याचीही गरज पडली नाही.

ही अट लेखी पत्राने आलेली नव्हती. ती तोंडी पोचली. त्यामुळे रीतसर निमंत्रण आले आणि ते नाकारले गेले, असे जे सर्रास लिहिले जाते ते नेमके नाही. आयोजकांच्या बाजूने कारण दिले गेले ते दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांचे. या कारणात काही तथ्य होते, हे मान्य करायला हवे. नऊपैकी दोन सामने एकाच सॅन होजे स्टेटशी झाले होते, दोन लष्करी तळांवरील संघांशी झाले होते आणि राष्ट्रीय क्रमवारीत संघ चौदावा होता. मात्र हे कारण शेवटपर्यंत टिकत नाही. ३३ गुणांनी हरलेला पॅसिफिकचा संघ त्याच १ जानेवारीला टेक्ससमध्ये सन बाऊल खेळत होता. ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर, शुगर बाऊलमध्ये मेरीलँड आणि टेनेसी, गेटर बाऊलमध्ये मायामी आणि क्लेमसन असे संघ उतरले आणि या सहाही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. प्रतिस्पर्धी दुबळे असल्याचा आक्षेप दोन खेळाडू घरी ठेवल्याने दूर होण्यासारखा नव्हता. तरीही खेळाडूंपर्यंत अट पोचली ती नेमकी तीच. प्रस्तुत लेखकाला हा पुरावा पुरेसा वाटतो.

पैशाची बाजू याच निर्णयाला जोडलेली आहे. विद्यापीठाच्या फुटबॉलला सुमारे ७० हजार डॉलरची तूट येत असल्याचे सांगितले जाई आणि बाऊलमधून मिळणाऱ्या वाट्याने ती बरीचशी भरून निघाली असती. पण तूट एका हंगामातली नव्हती. शहरातील व्यावसायिक संघ त्याच केझर स्टेडियमवर खेळत होता आणि १९५०पासून व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये (एनएफएल) आल्याने प्रेक्षक तिकडे वळत होते. पश्चिम किनाऱ्यावरील इतर कॅथलिक महाविद्यालयांची अवस्था वेगळी नव्हती. सेंट मेरीजने १९५०च्या हंगामानंतर, लोयोलाने १९५१नंतर आणि सांता क्लाराने १९५२नंतर मोठ्या पातळीवरचा फुटबॉल थांबवला. त्यामुळे बाऊल मिळाला असता तर संघ वाचला असता, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. एखादा हंगाम अधिक मिळाला असता, एवढे म्हणता येईल. विद्यापीठाने खेळाडूंच्या नकाराला आडकाठी केली नाही, ही गोष्ट मात्र त्याच्या बाजूने नोंदवायला हवी.

त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने बिल रसेलसह अनेक कृष्णवर्णीय खेळाडूंना घेऊन १९५५ आणि १९५६ची राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. फुटबॉल बंद झाला, पण संघनिवडीचे धोरण तेथे बदलले नाही. दक्षिणेतही १९५६च्या शुगर बाऊलमध्ये पिट्सबर्गच्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला. जॉर्जियाच्या गव्हर्नरने जॉर्जिया टेकला हा सामना खेळण्यापासून रोखायचा प्रयत्न केला, तेव्हा विद्यार्थी त्याच्याविरुद्ध रस्त्यावर आले. लुइझियानाने त्याच वर्षी मिश्र वर्णांच्या खेळांवर कायद्याने बंदी घातली आणि ती १९५९ साली न्यायालयात रद्द ठरली.

मॅटसनने १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य पदक मिळवले आणि नंतर व्यावसायिक फुटबॉल गाजवला. १९५९ साली त्याच्या बदल्यात एका संघाने नऊ जण देऊ केले. टोलरची खेळाडू म्हणून कारकीर्द १९५२च्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन निवडक संघाकडून खेळताना झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीने संपली. त्याने शिक्षकाचा पेशा धरला आणि १९६५ साली राष्ट्रीय लीगने त्याला पंच म्हणून नेमले. त्या लीगमधील तो पहिला कृष्णवर्णीय पंच होता.