अमेरिकी लाकडी यंत्राचे घड्याळ : ओळख आणि नोंद

वजनांवर चालणारे, पितळेऐवजी लाकडी दातेरी चाकांचे घड्याळ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात ही घड्याळे मोठ्या संख्येने तयार झाली. लाकडी घड्याळे त्याआधीही हाताने होत असत. एली टेरी (१७७२–१८५२) याने पाणचक्कीच्या बळावर एकसारखे सुटे भाग कापून ४,००० यंत्रांची मागणी १८१० पर्यंत पुरी केली आणि घड्याळ सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीत आणले. १८१६ मध्ये त्याने शेल्फवर मावणाऱ्या, एकदा चावी दिली की तीस तास चालणाऱ्या घड्याळाचे पेटंट घेतले. याच घड्याळाला पुढे दोन्ही बाजूंना बारीक खांब, वर वळणदार नक्षी आणि खाली चित्र रंगवलेली काच असलेली पेटी मिळाली. संग्राहक तिला ‘पिलर अँड स्क्रोल’ म्हणतात. उंची साधारण ७९ सेंमी.

१८३० च्या दशकाअखेर स्वस्त पितळी यंत्र आले आणि लाकडी यंत्र मागे पडले. दमट हवेत लाकूड फुगत असल्याने ते समुद्रापार पाठवणेही अवघड होते. आपल्याकडे जुन्या वाड्यांत किंवा मुंबईच्या चोरबाजारात दिसणारी ‘सेथ थॉमस’ वा ‘ॲन्सोनिया’ या अमेरिकी कंपन्यांची घड्याळे सहसा बरीच नंतरची, पितळी यंत्राची असतात. ती या नोंदीत मोडत नाहीत.

लेबल काय सांगते, काय नाही

पेटीच्या आतल्या पाठफळीवर छापील कागद चिकटवलेला असतो. संशोधनाची सुरुवात तिथून होते आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात. ‘शोध एली टेरीचा, तयार करणार सेथ थॉमस’ अशा अर्थाचा मजकूर असेल तर ते परवान्यावर केलेले घड्याळ आहे, टेरीच्या कारखान्यातले नव्हे. दक्षिणेकडील काही राज्यांनी बाहेरची घड्याळे विकणाऱ्या फेरीवाल्यांवर जबर शुल्क लावले. तेव्हा कनेक्टिकटचे उत्पादक सुटे भाग तिकडे पाठवून तिथे जोडणी करू लागले. चॉन्सी जेरोमने व्हर्जिनियातील रिचमंडमध्ये असेच केले. त्यामुळे लेबलावर रिचमंड छापले आहे एवढ्यावरून यंत्र तिथले ठरत नाही.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रकाचे नाव असते, ते हमखास वाचावे. मुद्रकांचे पत्ते बदलत गेले, आणि शहराच्या जुन्या निर्देशिकांशी ताडून पाहिले की लेबलाचा काळ काही वर्षांच्या आत येतो. भिंगाखाली खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरठशांच्या) छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेले दिसते. फोटोकॉपीची शाई पृष्ठभागावर चकाकते. कागद शाबूत आणि भोवतीचे लाकूड काळवंडलेले, किंवा याच्या उलट, असे असेल तर लेबल नंतर लावले असण्याची शक्यता धरावी.

पेटंटच्या कागदांवर फार विसंबता येत नाही. वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयाला डिसेंबर १८३६ मध्ये आग लागली आणि तोवरचे बहुतेक मूळ दस्तऐवज जळाले. म्हणून मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या, जमिनीचे व्यवहार आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती चाळाव्या लागतात. प्रत्यक्ष नमुन्यांशी तुलना करायला कनेक्टिकटमधील ब्रिस्टल येथील अमेरिकन क्लॉक अँड वॉच म्युझियम सोयीचे आहे.

यंत्र उघडताना

आधी जागच्या जागी फोटो, मग वजने काढावीत, त्यानंतर लंबक. हा क्रम मोडू नये. वजनांचा ताण असताना एस्केपमेंटचा (चाकांना एकेक दाता पुढे सोडणाऱ्या भागाचा) अडसर निघाला तर चाके भरधाव फिरतात आणि दाते उडतात. मूळ वजन बिडाचे, साधारण सव्वा किलोचे असते. पुढच्या पितळी घड्याळांची जड वजने इथे टांगली जातात, हे दाते तुटण्याचे नेहमीचे कारण.

यंत्राच्या फळ्या ओकच्या, चाके चेरीची आणि पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, माउंटन लॉरेल या कठीण लाकडाची असते. चाक एकाच पातळ फळीतून कापलेले असल्याने लाकडाच्या रेषा एकाच दिशेने जातात. ज्या दोन बाजूंना दाता रेषांच्या दिशेने बाहेर येतो तिथे तो भक्कम असतो. उरलेल्या दोन बाजूंना रेषा दात्याला आडव्या जातात आणि तो खारी बिस्किटासारखा तुटतो. जुनी ठिगळे आधी तिथेच शोधावीत. लाकूड रेषांना काटकोनात जास्त आटते, म्हणून कॅलिपरने दोन्ही दिशांचे व्यास मोजावेत. दोनशे वर्षांचे चाक किंचित अंडाकृती असते. तंतोतंत गोल चाक नव्याने केलेले असू शकते. मात्र एवढ्या एका मापावरून निकाल देऊ नये.

लाकडी भागांना तेल लावू नये. तेलात धूळ बसते आणि तीच पुढे कानशीसारखी लाकूड खाते. एस्केपमेंटच्या पोलादी भागाला मात्र एक थेंब पुरतो. चित्राच्या काचेची आतली बाजू पुसू नये, रंग तिथेच असतो आणि तो ओल्या फडक्याबरोबर निघून येतो.

टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. त्याआधीच्या घड्याळात ते दिसले तर दुरुस्ती झाली असे समजावे. यंत्राच्या बैठकीजवळची बुजवलेली किंवा विनाकामाची भोके याहून बोलकी असतात, कारण एकाच्या पेटीत दुसऱ्याचे यंत्र बसवण्याचा धंदा जुना आहे.

नोंद ‘टेरीचे घड्याळ, उत्तम स्थिती’ अशी कधीच करू नये. पेटी, यंत्र, तबकडी, काटे, काच, वजने आणि लेबल यांच्या वेगवेगळ्या ओळी कराव्यात आणि प्रत्येकीपुढे मूळ, जुनी बदली, नवी बदली किंवा अनिश्चित असा शेरा द्यावा. उदाहरणार्थ : ‘लेबल – ई. टेरी अँड सन्स, मूळ जागी. यंत्र – त्याच प्रकारचे, बैठकीची भोके जुळतात. टोल्याच्या बाजूच्या मोठ्या चाकाचे तीन दाते नवे. काच – नवी बदली. वरचे पितळी कळस – दोन जुने, मधला अनिश्चित.’