पायली, लिटर आणि मिलिमीटर : विज्ञानातल्या मापनाच्या धड्यामागचा इतिहास

शाळेच्या विज्ञानात मापनाचा धडा येतो आणि बहुतेक वर्गांत तो रूपांतराच्या उदाहरणांतच संपतो. १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, १ किलोग्रॅम म्हणजे १००० ग्रॅम. पाठ करा, पुढे चला. ही एकके कुठून आली आणि त्याआधी आपल्याकडे काय चालायचं, हे सांगायला तासात वेळ उरत नाही. मराठवाड्यात तर हे फारच खटकतं. इथल्या मुलांच्या घरी पायली, शेर, गुंठा, तोळा हे शब्द रोज कानावर पडतात आणि वहीत मात्र त्यांचा मागमूस नसतो.

सुरुवात फ्रान्समधली. १७८९ च्या क्रांतीच्या वेळी तिथे गावोगावी मापं वेगळी होती. सरंजामदार धान्याचा वाटा स्वतःच्या मापाने घेत, ही रयतेची मोठी तक्रार होती. माप कोणा एकाच्या हातात राहू नये म्हणून १७९१ मध्ये थेट पृथ्वीच आधाराला घेतली गेली : उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. देलांब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजली. युद्ध चालू, वाटेत अटका होतायत, लोक हेर समजतायत, अशा दिवसांत हे काम झालं. त्यांच्या मोजणीवरून १७९९ मध्ये प्लॅटिनमची पट्टी घडवली. ती ठरवल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरली, हे पुढे कळलं. तरी इतक्या अडचणींत एवढी अचूकता साधली, याचं मला आजही नवल वाटतं.

मेट्रिक पद्धतीचं मोठेपण सांगताना सगळे दहाच्या पटीवर थांबतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एककांची आपसातली सांधेजोड. १० सेंटीमीटर लांबी, रुंदी आणि उंचीच्या डब्यात मावतं ते एक लिटर आणि तेवढ्या पाण्याचं वस्तुमान एक किलोग्रॅम. लांबीवरून आकारमान, आकारमानावरून वस्तुमान, सगळं एकाच धाग्यात. खुद्द फ्रान्समध्ये हे लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. १८१२ मध्ये नेपोलियनने जुन्या नावांची मापं पुन्हा चालू दिली आणि १८४० पासून मेट्रिक सक्तीचं झालं.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यात शेर हा किलोग्रॅमइतका धरायचं ठरवलं होतं; तो अमलातच आला नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. रुपयासुद्धा वेगळा, हाली. इंग्रजी मुलखातला तो कलदार. धान्य मापायचं ते वजनाने नव्हे, आकारमानाने : चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर मात्र गावागणिक लहानमोठा.

मापणाऱ्याच्या हातालाही किंमत होती. पायली शिगेची भरायची की काठावरून हात फिरवून सपाट, यावर ओंजळ-दोन ओंजळींचा फरक पडायचा, आणि देणारा-घेणारा दोघेही त्या शिगेवर डोळा ठेवून असायचे. शिवाय पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई काट्यावर सारखी भरत नाही. घनता शिकवायला याहून चांगला प्रयोग कोणता? एक शेर, दोन धान्यं आणि एक तराजू वर्गात आणला की झालं.

मग सगळंच भराभर बदललं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने वजन-मापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोची वजनं आली आणि १९६२ मध्ये वजनांसाठी मेट्रिक सक्तीचं झालं. पंधरा वर्षांच्या आत राज्य, नाणं आणि माप, तिन्ही बदलली. ज्यांनी हे निभावलं त्यांतले कित्येक निरक्षर होते. त्यांनी तोंडी हिशेबावर ८० तोळ्यांच्या वजनी शेराचे साधारण ९३३ ग्रॅम बसवले, याची नोंद धड्यात हवी.

जुनं पुरतं गेलं नाही. सोयाबीनचा भाव क्विंटलने निघतो, पण सोनं तोळ्यानेच विचारतात; पूर्वी ११.६६ ग्रॅमचा असलेला तोळा आता व्यवहारात १० ग्रॅमचा धरतात. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, बोलण्यात एकर आणि गुंठे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७, म्हणून हा मेळ सहज बसतो.

मीटरची पट्टी आता प्रमाण राहिलेली नाही. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून. शाळेतल्या मोजपट्टीला त्याने काही फरक पडत नाही.

आपल्या भागात हा धडा पाण्यापासून सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात घरोघरी मिलिमीटरची चर्चा असते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छत १० मीटर बाय ६ मीटर असेल, तर २० मिलिमीटर पावसात त्यावर १२०० लिटर पाणी पडतं. वजन १२०० किलो. एक हेक्टर रानावर एका मिलिमीटरला १०,००० लिटर. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजेच १०२.७३ टीएमसी, बातम्यांत दोन्ही आकडे येतात. टीएमसी हजार दशलक्ष घनफुटांचा असतो, त्याचे दशलक्ष घनमीटर करायचे तर २८.३१७ ने गुणावं लागतं. घनमीटरचे लिटर करायला हजार पुरतात, आणि ते मुलांना तोंडी जमतं.