साडेपाच लाख कोटी अंशांनी यंत्र का वितळत नाही?

एलएचसी या महाकाय कण-आदळयंत्रात शिशाची केंद्रकं एकमेकांवर आदळली की साडेपाच लाख कोटी अंश तापमान होतं, म्हणजे एक दिवस सगळं भस्मसात होणार, असं वर्षानुवर्षं फिरतंय. तापमान खरं, निष्कर्ष साफ चुकीचा. टकरीत तयार होणारं ते क्वार्क-ग्लुऑन द्रव्य (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून सुटलेल्या मूलकणांचं मिश्रण) जेमतेम केंद्रकाएवढं असतं नि 10⁻²² सेकंदाच्या आत विरतं. 2015 मधल्या एका टकरीची एकूण ऊर्जा साधारण 1,045 टीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक), म्हणजे 0.17 मिलिज्यूल. एवढ्याने थेंबभर पाणीही कोमट होत नाही.

जपावं लागतं ते वेगळ्याच गोष्टीला. न आदळता जवळून निसटणाऱ्या केंद्रकांच्या विद्युतक्षेत्रातून इलेक्ट्रॉन जन्मतो आणि कधी त्यातल्याच एकाला चिकटतो. त्या केंद्रकाचा विद्युतभार 82 चा 81 होतो, वाट किंचित बदलते, अन् अशी केंद्रकं टकरीच्या जागेपासून सुमारे 400 मीटरवर एकाच जागी आपटत राहतात. तिथला 1.9 केल्विनचा चुंबक तापला, की त्याची अतिवाहकता (विरोधाशिवाय वीज वाहण्याचा गुण) जाते नि शलाका, म्हणजे केंद्रकांचा झोत, बंद. म्हणून तिची वाट मुद्दाम थोडी वळवून हा मारा चुंबक नसलेल्या जोडभागावर घेतात.