भट्टीवरच्या वितळलेल्या धातूने भाजणे

भट्टीतला, लेडलमधला (धातू न्यायच्या-ओतायच्या भांड्यातला) किंवा साच्यात ओतताना सांडलेला पातळ धातू अंगावर येऊन होणारी कामावरची दुखापत. मराठवाड्यात हा विषय आधी जालन्याचा, तिथल्या एमआयडीसीत भंगार विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट (स्टीलचे लांब ठोकळे) अन् पुढे सळई बनते, मग छत्रपती संभाजीनगरकडच्या ॲल्युमिनियम कास्टिंगवाल्यांचा. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, स्टीलचा रस, म्हणजे वितळलेला धातू, १६०० अंशांच्या आसपास असतो.

सगळ्यात घातक असते ती ओल. पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण १७०० पट वाढतं, त्यामुळे पावसात भिजलेलं भंगार किंवा आत पाणी राहिलेला बंद डबा, पाइप, गाडीचा जुना शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) रसात बुडाला की वाफ कोंडते आणि रस उसळून थेट प्लॅटफॉर्मवरच्या माणसांवर येतो. म्हणून भंगार शेडखाली ठेवायचं, बंद नग आधी कापायचे, आणि हे काम घाईत टाळलं जातं हीच खरी दुखण्याची जागा आहे. ओल्या काँक्रीटवर रस सांडला तरी काँक्रीट फुटून उडतं, त्यामुळे भट्टीखालचा खड्डा कोरडाच लागतो, अन् लेडल, सॅम्पलचा चमचा सुद्धा तापवूनच वापरायचा. भट्टीचं आतलं अस्तर, म्हणजे लायनिंग, झिजून रस भोवतीच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचला तर कॉइलमधलं थंड ठेवणारं पाणी आणि रस एकत्र येतात, मग स्फोट. ग्राउंड लीकेजचा, म्हणजे रस कॉइलकडे झिरपल्याचा इशारा देणारा, अलार्म वाजला की तो बंद करून हीट (वितळवायची चालू खेप) पुरी करत बसू नये, माणसं बाजूला काढावी.

पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून जाड सुती कपडे, वरून उष्णता परतवणारा चंदेरी ॲल्युमिनाइज्ड कोट, फेसशील्ड, आणि पँट बुटाच्या बाहेर, नाहीतर रस बुटात शिरतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर तो कोट अंगावर सहन होत नाही हे खरंय, पण त्यावर उपाय कामगाराला ओरडणं नव्हे, भट्टीसमोरची पाळी छोटी करणं, पंखे अन् प्यायचं पाणी देणं हा आहे.

भाजलं तर लगेच २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीच लावू नये. चिकटलेलं कापड किंवा धातू ओढू नये, अंगठी-कडं-घड्याळ सूज यायच्या आत काढावं, स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठावा.

ठेकेदाराकडचा माणूस भाजला तर कंपनी हात वर करते, पण ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नसेल तिथे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार (नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा भरपाई कायदा होता) मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते.