क्वेरीत महिना मिळवताना तारीख का सरकते?

आमच्याकडून डेटाबेस करून घेतलेले बरेच ग्राहक आता स्वतः क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या सूचना, लिहितात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण ‘३१ तारखेची मुदत २८ वर कशी आली?’ असे फोन वारंवार येतात, म्हणून हे पत्रक.

दिवस मिळवताना किंवा वजा करताना सहसा अडत नाही. अडतं ते महिन्यापाशी, कारण प्रत्येक महिन्याचे दिवस वेगळे. ३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला तर मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर हे तिन्ही डेटाबेस २८ फेब्रुवारी देतात. इथवर ठीक. घोळ होतो पुढच्या हप्त्याला. आलेल्या २८ फेब्रुवारीतच आणखी एक महिना मिळवला जातो आणि २८ मार्च येते. मग पुढची प्रत्येक मुदत २८ लाच. एरर काहीच येत नाही, त्यामुळे लक्षात येईपर्यंत बिलं निघालेली असतात, स्मरणपत्रं गेलेली असतात आणि ती सगळी एकेक करून दुरुस्त करावी लागतात. आमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

मोजणी नेहमी मूळ तारखेपासून करा. ३१ जानेवारीत एकदम दोन महिने मिळवले की ३१ मार्च येते, तीन मिळवले की ३० एप्रिल. हप्त्यांच्या टेबलात आम्ही मूळ तारीख आणि हप्ता क्रमांक असे दोन कॉलम ठेवतो ते याचसाठी. जादा वाटले तरी कृपया काढू नका.

डेटाबेस बदलणार असाल तर आधी कळवा. ३१ जानेवारी २०२५ अधिक एक महिना याचं उत्तर एसक्यूएलाइट ३ मार्च देतो. ओरॅकलचं ॲड-मंथ्स हे महिने मिळवण्याचं फंक्शन महिनाअखेर धरून चालतं, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२५ नंतर थेट ३१ मार्च.

मागच्या ३० दिवसांच्या नोंदी काढताना वजाबाकी आजच्या तारखेतून करा, कॉलमला हात लावू नका. कॉलममध्येच दिवस मिळवले तर त्यावरचा साधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) कामी येत नाही आणि अख्खं टेबल चाळलं जातं.

वार्षिक देखभाल करार असेल तर तारखांची नवी क्वेरी चालू डेटावर लावण्याआधी आमच्याकडे पाठवा. ३१ जानेवारी, २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर अशा तारखा घालून आम्ही ती तपासून देतो, वेगळे पैसे लागत नाहीत. करार नसला तरी तपासून मिळेल. त्याचा खर्च मागाहून कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी येतो.